तारेच्या कुंपणानंतर : सोलापूरची सेटलमेंट आणि जन्माने चिकटलेला संशय

माणसाची नीती त्याच्या रक्तात असते आणि ती आईबापांकडून जशीच्या तशी लेकरांत उतरते, हा वंशभेदाचा गाभा आहे. अमेरिकेत हा समज कातडीच्या रंगाला चिकटला, तर दक्षिण आफ्रिकेत त्याचे पासबुक, म्हणजे काळ्या माणसाला सतत जवळ बाळगावा लागणारा परवाना, झाले. भारतातल्या जातिभेदाला वंशभेद म्हणावे की नाही, यावर मोठा वाद आहे. जाती म्हणजे निरनिराळे वंश हे मत डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढले होते. पुढे २००१ साली डर्बनच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जातीचा विषय चर्चेलाच येऊ नये म्हणून भारत सरकारने जोर लावला. त्यामागची कारणे अर्थातच आंबेडकरांची नव्हती. हा वाद बाजूला ठेवला तरी या देशात एक कायदा असा होऊन गेला की ज्याला वंशभेदाखेरीज दुसरे नाव शोभत नाही. तो म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आरोपीने काय केले हे त्याला जाणून घ्यायचे नव्हते, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे कळले की पुरे होते. या कायद्याखाली मुंबई इलाख्यात ज्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतली एक सोलापुरात होती. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आजही शहरात वापरात आहे.

कायद्याची मुळे १८३० च्या दशकातल्या ठगांच्या मोहिमेत सापडतात. कर्नल स्लीमनने ठगी मोडून काढली, आणि गुन्हा हा एखाद्या टोळीचा वंशपरंपरागत धंदा असू शकतो ही कल्पना सरकारदरबारी मुरली. १८५७ नंतर फिरत्या माणसांविषयीची भीती वाढली. ज्याला घर नाही, शेत नाही, ज्याचे नाव सारा भरणाऱ्यांच्या वहीत नाही, तो राज्यकर्त्यांच्या हिशेबात बसत नव्हता. त्याच काळात रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा व्यापार बसला. जंगल कायद्यांनी पारध्यांची शिकार आणि कैकाड्यांची टोपल्यांसाठीची फोकाटी हे चोरीचे प्रकार ठरले. आधी धंदा बुडवायचा आणि मग बेकार हिंडतो म्हणून पकडायचे, असा हा क्रम होता. कायद्याचे समर्थन करताना मात्र जातिव्यवस्थेचाच दाखला दिला गेला. सुताराचा मुलगा सुतार होतो, लोहाराचा लोहार. तेव्हा चोराचा मुलगा चोर होणारच, असा तो तर्क. परक्या राज्यकर्त्यांनी एतद्देशीयांचीच समजूत उचलून तिला कलमांचा साज चढवला, आणि म्हणूनच तिला गावोगावच्या पाटलांकडून फारसा विरोध झाला नाही.

पुढच्या तीसेक वर्षांत या समजुतीला शास्त्राचे पाठबळ मिळाले. १८७६ साली इटलीत लोंब्रोसोने जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धान्त मांडला. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापावरून जातींची उतरंड लावली. मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी १९०८ साली गुन्हेगार वर्गांवर एक जाडजूड पुस्तक काढले; त्यात प्रत्येक जमातीचा पेहराव, बोली, देवदैवते आणि चोरीची पद्धत वर्णन केली आहे. पक्ष्यांच्या जाती ओळखण्याच्या पुस्तकासारखेच ते रचलेले आहे. युरोपही वेगळ्या वाटेने जात नव्हता. जिप्सींची नावे, छायाचित्रे आणि बोटांचे ठसे गोळा करणारे पोलीस कार्यालय म्युनिकमध्ये १८९९ साली उघडले, आणि त्या नोंदींचा पुढे नाझी राजवटीत काय उपयोग झाला हे जगाला माहीत आहे.

१८७१ चा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या दुरुस्तीने तो मुंबई-मद्राससह सर्वत्र पसरला आणि १९२४ साली त्याची एकत्रित आवृत्ती निघाली. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देता येत नसे. मग नोंदवही तयार होई, ठसे घेतले जात. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर पास घ्यायचा. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळ्या पाण्याची. नोंदलेला माणूस संशयास्पद रीतीने कुठे आढळला, एवढ्यावरही तीन वर्षांची कैद होऊ शके. मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद १८९७ पासूनच होती.

सोलापूरची सेटलमेंट या यंत्रणेचा सर्वांत पूर्ण नमुना म्हणता येईल. इलाख्यातल्या सेटलमेंटचा कारभार ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याकडे होता आणि त्याचे ठाणे विजापूरला होते. विजापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी वसाहती निघाल्या. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवण्यात आली. कैकाडी, टकारी, पारधी, भामटा, कंजारभाट, मांगगारुडी, छप्परबंद अशा जमातींची कुटुंबे तारेच्या आत आणली गेली. मुलांना शाळा सक्तीची होती. मोठ्यांना काम गिरणीत. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, जिला सारे शहर जुनी मिल म्हणते, आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांना माणसे हवी होती; सेटलमेंटला माणसांना गुंतवायला काम हवे होते. मिशनऱ्यांच्या लेखी हे सुधारणेचे काम होते आणि त्यांच्यातल्या अनेकांचा हेतू प्रामाणिक होता, हे मान्य करायला हरकत नाही. पण ज्या कामगाराला शहराबाहेर पाऊल टाकायला परवाना लागतो तो मालकाशी मजुरीची घासाघीस कशाच्या जोरावर करणार? संपावर गेला तर त्याची नोकरी जाईलच, वर तो कायदा मोडणाराही ठरेल. सोलापूरच्या गिरणी कामगारांचा इतिहास सांगताना १९३० च्या मार्शल लॉचा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचा उल्लेख होतो, आणि तो व्हायलाच हवा. त्याच गिरण्यांत, त्याच पाळ्यांत, संध्याकाळची हजेरी चुकू नये म्हणून धावत परतणारे कामगारही होते. त्यांना त्या इतिहासात जेमतेम एखादी ओळ मिळते.

व्यवस्थेत पायऱ्या होत्या. चांगल्या वर्तणुकीचा शेरा मिळालेल्या कुटुंबाला तारेबाहेरच्या फ्री कॉलनीत घर बांधता येई. तिथे बंधने सैल असत, पण नाव नोंदवहीतून गेलेले नसे. त्याहून पुढची पायरी म्हणजे परवान्यावर गावी राहणे. म्हणजे निर्दोष माणसाला आपले निर्दोषपण थोडे थोडे करून, हप्त्याहप्त्याने मिळवावे लागत होते.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगणे भाग आहे. सेटलमेंटमध्ये वाढलेल्या पिढ्यांतून शिक्षक, कारकून, कामगार पुढारी, लेखक निघाले. जी पारधी कुटुंबे पोलिसांना चुकवत माळरानावर राहिली त्यांच्या नातवंडांना शाळेचे तोंड फार उशिरा दिसले, कित्येकांना दिसलेच नाही. या फरकावरून तारेचे कुंपण हितकारक होते असा निष्कर्ष काढणारे लोक आजही भेटतात. तो निष्कर्ष चुकीचा आहे. उपयोगी पडले ते पक्के घर, नियमित पगार आणि मुलांची शाळा. या तिन्ही गोष्टी तारेवाचून देता आल्या असत्या. त्या तशा देण्याची कुणाला गरज वाटली नाही.

कायद्याविरुद्धचा आवाज हळूहळू वाढला. १९२८ साली मुंबई सरकारने दलित व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष तेच स्टार्ट, आणि सदस्यांत डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी आणि ठक्कर बाप्पा. १९३६ साली नेल्लोरला नेहरूंनी या कायद्यावर जाहीर टीका केली आणि कोणत्याही जमातीला जमात म्हणून गुन्हेगार ठरवता येणार नाही, असे सांगितले. १९३७ साली मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिचा अहवाल आला, आणि कुंपण तसेच राहिले.

१९४६ हे वर्ष या बाबतीत लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात विजयालक्ष्मी पंडित यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवर होणाऱ्या वांशिक अन्यायाचा प्रश्न मांडला आणि जगाच्या व्यासपीठावर वर्णद्वेषाविरुद्धची पहिली मोठी लढत भारताने दिली. भारताला त्याचा अभिमान वाटावा असेच ते काम होते. पण त्याच दिवसांत पास, हजेरी आणि नोंदवही या तिन्ही गोष्टी सोलापुरात रोजच्या रोज चालू होत्या. त्या वेळच्या मराठी सुशिक्षितांना ही विसंगती खुपल्याचे फारसे आढळत नाही. आफ्रिकेतला पास अन्याय वाटायचा आणि आपल्या गावातला बंदोबस्त.

मुंबई राज्याने कायदा १९४९ साली रद्द केला. केंद्राने अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीचा अहवाल आल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपवला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने आपला पास कायदा अधिक कडक केला. तो उठायला १९८६ उजाडले. अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला. तारखा जुळवून पाहिल्या तर भारत मागे नव्हता. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई आहे, आणि त्यातला वंश हा शब्द या देशात ज्यांना सर्वांत सरळ लागू पडत होता ती माणसे सोलापूरच्या तारेआड राहत होती.

महाराष्ट्राने पुढे जे केले ते बहुतेक राज्यांनी केले नाही. थाडे समितीच्या अहवालानंतर १९६१ साली १४ विमुक्त जाती, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आणि स्वतंत्र भटक्या जमाती अशी यादी झाली. आज विमुक्त जातींना ३ टक्के आणि भटक्या जमातींच्या तीन गटांना मिळून ८ टक्के आरक्षण आहे. आश्रमशाळा निघाल्या, १९८४ साली वसंतराव नाईक यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले. वसंतराव नाईक स्वतः बंजारा समाजातले. १९६३ ते १९७५ इतका काळ ते मुख्यमंत्री होते. साहित्यात तर या समाजांनी मराठीला नवा प्रदेशच दाखवला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ यांनी मध्यमवर्गीय वाचकाला पालात नेऊन बसवले. सोलापूरचे कार्यकर्ते बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने विमुक्त-भटक्यांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आणि त्याचा अहवाल २००८ साली आला. एवढी वाटचाल कमी लेखणे अन्यायाचे होईल.

तरी संशय गेला नाही. त्याने नुसता मुक्काम बदलला.

गुन्हेगार जमाती कायदा उठत असतानाच राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ साली केला. कागदावर तो जमातीला नव्हे, वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीला लागू होता. पण ठाण्यातल्या जुन्या वह्यांत नावे कोणाची होती? शिपाई तेच, वस्त्याही त्याच. घरफोडी झाली की आधी पारध्यांच्या पालांवर जायचे, ही रीत टिकून राहिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. वंशभेद निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीने २००७ साली भारताला तेच सांगितले. म्हणजे ज्या व्यासपीठावर १९४६ साली भारत फिर्यादी होता तिथून हा सल्ला परत आला.

या संशयाची किंमत किती असते ते २०१९ च्या एका निकालात दिसते. जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली गेली होती आणि २००९ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांसाठी तीच शिक्षा ठरवली होती. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले, तपासातल्या त्रुटींवर कडक ताशेरे ओढले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. तोवर सोळा वर्षे गेली होती.

तुरुंगांतही जुना कायदा जिवंत होता. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत भटक्या किंवा पूर्वीच्या गुन्हेगार जमातींतल्या कैद्यांना वेगळे वागवण्याच्या तरतुदी होत्या, आणि कामाची वाटणी जातीवर चाले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि नियमावल्या सुधारायला तीन महिन्यांची मुदत दिली. १९५२ पासून मोजले तर बहात्तर वर्षे हे नियम छापील पुस्तकांत निवांत बसून होते. ते वाचणारे अधिकारी होते, त्यांची परीक्षा घेणारेही होते. कुणाला काही खटकले नाही, यातच या प्रश्नाचे बरेचसे स्पष्टीकरण आहे.

पोलीस आणि तुरुंग यांच्या पलीकडे समाज आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते, मंगळवेढा तालुक्यातले. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. फिरस्ता अनोळखी माणूस म्हणजे चोर, हा १८७१ चा तर्क त्या खोलीत कायद्याच्या मदतीवाचून पुरता अमलात आला. मारणारेही कोणी मोठे जमीनदार नव्हते, डोंगराळ भागातले गरीब लोकच होते; भेदभावाच्या चर्चेत हा तपशील गैरसोयीचा म्हणून गाळला जातो.

या घटनेने कायद्यातली एक उणीवही उघडी पाडली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा फक्त अनुसूचित जाती आणि जमातींना संरक्षण देतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक विमुक्त आणि भटक्या जमाती या दोन्ही याद्यांबाहेर आहेत, त्यामुळे त्यांच्यावरचा हल्ला हा साधा फौजदारी गुन्हा ठरतो. केंद्राच्या नोकऱ्यांत त्यांना इतर मागास वर्गात उभे राहावे लागते, विधानसभेत आणि लोकसभेत राखीव जागा नाहीत. यादीचा गोंधळ तर विचारूच नये. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि सोलापुरात विमुक्त. नागपूरच्या कैकाड्याला जे संरक्षण आहे ते सोलापूरच्या त्याच्या सोयऱ्याला नाही.

जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. ज्यांचे आजोबा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरले त्यांच्याकडून हा पुरावा मागितला जातो. सेटलमेंटच्या शाळेत ज्यांच्या वाडवडिलांची नावे दाखल आहेत त्यांचे काम त्या जुन्या नोंदीने सोपे होते. तारेबाहेर राहिलेल्यांकडे दाखवायला काही नाही.

समाजांच्या आतही सारे निर्मळ नाही. जात पंचायतींचे दंड, वाळीत टाकणे, कंजारभाट समाजातली नववधूची कौमार्य परीक्षा यांविरुद्ध त्याच समाजांतल्या तरुणांनी आवाज उठवला, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा त्यांच्या कामी आला. बाहेरून झालेल्या अन्यायाने आतल्या अन्यायाला माफी मिळत नाही, हे त्या तरुणांनी फारसा गाजावाजा न करता दाखवून दिले.

सर्वांत मोठी उणीव साधी आहे. ही माणसे किती आहेत हे सरकारला ठाऊक नाही. रेणके आयोगाने देशभरातला आकडा दहा ते अकरा कोटींच्या घरात धरला, तो अंदाजच होता. भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या आयोगाला तर दोनशेहून अधिक जमाती अशा आढळल्या की ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही. सर्व जातींची शेवटची गणना १९३१ साली झाली. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून होणाऱ्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. पाल हे प्रगणकाच्या दृष्टीने सहज सुटणारे घर असते, आणि बोलीतले जमातीचे नाव घाईत भलतेच लिहिले जाते. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट या भागांतली महाविद्यालये, शिक्षक आणि कार्यकर्ते यांनी आपापल्या परिसरातल्या पालांची आणि तांड्यांची यादी त्याआधी तयार करावी, ती तहसील कार्यालयात द्यावी आणि गणनेच्या दिवशी प्रगणकासोबत तिथे हजर राहावे.